चार्जर आणि रेडिओची खरखर

श्रोतेहो, हवामानाची वार्ता ऐकायला मिडीयम वेव्ह लावावी, आणि जवळच मोबाईलचा चार्जर जोडताच रेडिओ खरखरू लागावा, असे तुमच्याकडेही होत असेल. दोष रेडिओचा नव्हे, स्टेशनचाही नव्हे.

या हलक्या चार्जरमधला ट्रान्झिस्टर वीज सारखी जोडतो अन् तोडतो. सेकंदाला ६५,००० वेळा म्हणा ना! अशा तोडजोडीतून त्याच्या दुप्पट, तिप्पट, दसपट कंप्रतेचेही तरंग उठतात. दसपट म्हणजे ६५० किलोहर्ट्झ. ऐन मिडीयम वेव्हचा पट्टा!

चांगल्या चार्जरमध्ये हे तरंग अडवायला तारेचे वेटोळे आणि कपॅसिटर बसवलेले असतात. स्वस्तातल्या मालात नेमकी तिथेच काटकसर होते.

मग आपण काय करावे? रेडिओ चार्जरपासून चार हात दूर ठेवावा. फेराइटचे कडे मिळाले, तर चार्जरची वायर, चार्जरच्या अगदी जवळ, त्यातून पाच-सहा वेळा ओवून घ्यावी. चार्जर मात्र उघडू नका हं! प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टांच्या घरात वीज राहू शकते.

आणि गुरुजी, सेलवर चालणारा रेडिओ वर्गात न्या. मोबाईल चार्ज होत असताना तो जवळ-दूर करून दाखवा. न दिसणारे तरंग मुलांना कानांनी कळतील.