पेशी वगळा, पडदा नको

मीरा-भाईंदरमधल्या विज्ञान शिकणाऱ्या मुलांना आज एकच गोष्ट सांगायची आहे. पेशीच्या पडद्यात बसून बाहेरचा निरोप झेलणाऱ्या प्रथिनावर, म्हणजे रिसेप्टरवर, चालणारं औषध शोधताना पेशी बाजूला ठेवता येते. पेशीचा पडदा मात्र बाजूला ठेवून चालत नाही.

दाराची कडी नीट लागते का, हे पाहायला सुताराला अख्खं घर लागत नाही. पण चौकट लागते. सुटी कडी हातात घेतली, तर ती हलेल, लागणार मात्र कशातच नाही. रिसेप्टरचं तसंच आहे. पडद्यातल्या मेदातून तो उपटला की त्याची घडी बऱ्याचदा विसकटते. मग चांगलं औषधही त्याला चिकटत नाही, आणि आपण औषधालाच नापास करतो. पावसाळ्यात चौकट फुगली तरी कडी अडते. पडद्यातलं कोलेस्टेरॉल कमी-जास्त झालं तरी रिसेप्टरची चाल बदलते.

उदाहरण जवळचंच आहे. गुजराती शेजाऱ्यांकडे गरमरच्या मुळांचं लोणचं तुम्ही खाल्लं असेल. त्याच कोलियस वनस्पतीतल्या फोर्सकोलिनवर मुलुंडच्या हेक्स्ट संशोधन केंद्रात काम झालं. सुजाता भट, डिसूझा आणि सहकाऱ्यांचा त्याच्या रचनेवरचा निबंध 1977 सालचा. फोर्सकोलिननं रक्तदाब उतरतो, हृदयाचं आकुंचन जोरकस होतं, हे दिसत होतं. पण कशामुळे? 1981 मध्ये अमेरिकेत सीमन, पॅजेट आणि डेली यांनी उंदराच्या मेंदूतल्या पेशी फोडून नुसत्या पडद्यांवर ते तपासलं, अखंड पेशींवरही तपासलं. फोर्सकोलिन रिसेप्टरला वळसा घालून थेट अडिनायलिल सायक्लेज या पडद्यातल्याच विकराला चेतवतं, हे कळलं. पेशी फुटली होती, पण पडद्याचे तुकडे शाबूत होते. हे विसरू नका.

आज जिवाणूंच्या किंवा गव्हाच्या अंकुराच्या अर्कात जीन घालून रिसेप्टर काही तासांत परीक्षानळीतच बनवतात. तिथेही घडी नीट बसावी म्हणून बहुधा मेदाचे फुगे किंवा चकत्या पुरवतात. म्हणजे पुन्हा चौकटच!

नळीतल्या चाचणीत उतरलेलं औषध पुढे जिवंत पेशीत तपासायचंच. कडी वाजली म्हणून घरातलं कुणी उठलंच, असं नाही.

प्राध्यापक मंडळींना कळकळीची विनंती: रिसेप्टरची चित्रं फळ्यावर पुष्कळ काढून झाली. आता प्रात्यक्षिकात मुलांना पेशी फोडून पडदा वेगळा करायला शिकवा. आणि मुलांनो, पुन्हा सांगतो, पेशी वगळा, पडदा नको.