छोट्या ऑनलाइन विक्रेत्याचा हिशेब : संगणक प्रणालीची निवड

(आळेफाटा परिसरातील लहान व्यावसायिकांसाठी तयार केलेल्या भाषणाचा पाठ)



जुन्नर तालुक्याला व्यापार नवा नाही आणि हिशेबही नवा नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातील बंदरांवरचा माल नाणेघाटाने चढून जुन्नरकडे येत असे. त्याच घाटातील सातवाहनकालीन लेण्यात यज्ञप्रसंगी दान दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापण नाणी यांचे आकडे कोरलेले आहेत. आज व्यापाराची वाट बदलली आहे. पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे महामार्ग जेथे एकमेकांस छेदतात, त्या आळेफाट्यावर कांद्याचा बाजार भरतो आणि कुरिअरची पार्सलेही चढतात. ऑर्डर मोबाईलवर येते, पैसे यूपीआयने जमा होतात. परंतु किती आले, किती गेले आणि किती उरले, हा व्यापाऱ्याचा मूळ प्रश्न मात्र तोच आहे.

हा प्रश्न सोडविण्यासाठी आज अनेक संगणक प्रणाली बाजारात आहेत. त्यांतील स्वस्त कोणती, असे तरुण विक्रेते शिक्षकांना, ग्रामपंचायत सदस्यांना आणि अधिकाऱ्यांना विचारतात. स्वस्त या शब्दाचा अर्थ नीट लावल्याशिवाय याचे उत्तर देता येणार नाही.

आधी गरज, मग प्रणाली

उदाहरणादाखल असा एक विक्रेता घेऊ, की जो मनुका, इंद्रायणी तांदूळ, काळा मसाला आणि शेंगदाणा चटणी विकतो. काही ऑर्डर त्याला व्हॉट्सअॅपवर येतात, काही ऑनलाइन बाजारपेठेवरून येतात, तर काही गिऱ्हाईक दुकानात येते. मालाचा साठा मात्र एकच. दुकानात शेवटची दोन पाकिटे विकली गेली आणि त्याच वेळी पुण्याहून तीन पाकिटांची ऑर्डर आली, तर ती रद्द करावी लागते व गिऱ्हाईक दुखावते. म्हणून तिन्ही ठिकाणच्या विक्रीची नोंद एकाच साठ्यातून वजा होणे, ही या विक्रेत्याची पहिली गरज होय. आकर्षक तक्ते आणि रंगीत आलेख यांचा विचार त्यानंतर करावा.

दुसरी गरज परतीच्या मालाची. समजा, पाचशे रुपयांच्या वस्तूची खरेदी ३४० रुपये, पॅकिंग २० रुपये, कुरिअर ६० रुपये आणि कमिशन ४० रुपये आहे. विक्रेत्याच्या हाती ४० रुपये राहतात. तेच पार्सल परत आले आणि कमिशन माफ झाले, तरी जाण्यायेण्याचे १२० आणि पॅकिंगचे २० असे १४० रुपये अंगावर पडतात. म्हणजे साडेतीन पार्सलांचा नफा एका परतीत जातो. जी प्रणाली परत आलेला माल वेगळा दाखवीत नाही, ती विक्री वाढल्याचे समाधान देते. तोटा मात्र झाकून ठेवते.

किंमत म्हणजे केवळ वर्गणी नव्हे

दरमहा प्रत्येक वापरणाऱ्यामागे ६०० रुपये वर्गणी असलेली प्रणाली दोघांनी वापरली, तर वर्षाला १४,४०० रुपये होतात. वरील हिशेबाने तो ३६० पार्सलांचा नफा झाला. हा खर्च चुका, वेळ आणि परतीचा तोटा कमी होऊन भरून निघणार आहे काय, हे आधी मांडून पाहावे. प्रणाली बसविणे, जुन्या नोंदी भरणे, प्रशिक्षण आणि दुरुस्ती यांचे पैसे वेगळे लागतात काय, पहिल्या वर्षाची सवलत संपल्यावर दर किती होईल, हेही लेखी विचारावे. वीज गेली किंवा नेटवर्क तुटले तर बिल काढता येते काय, ही चौकशी ग्रामीण भागात तितकीच महत्त्वाची आहे.

फुकट मिळणारी प्रणालीही सर्वस्वी बिनखर्चाची नसते. मुंबईत विकसित झालेल्या ईआरपीनेक्स्ट या मुक्त प्रणालीला परवाना शुल्क नाही. परंतु ती चालविण्यास सर्व्हर आणि जाणकार माणूस लागतो. वस्तू व सेवा कराच्या जाळ्याची व्यवस्था पाहणाऱ्या जीएसटीएन या संस्थेने २०१९ मध्ये दीड कोटी रुपयांपर्यंत वार्षिक उलाढाल असणाऱ्यांसाठी हिशेब व बिलांची विनामूल्य प्रणाली उपलब्ध करून दिली होती. टॅलीसारखी जुनी प्रणाली अनेक कर सल्लागारांच्या हातची आहे. आपला सल्लागार कोणती प्रणाली वापरतो, याचा विचार केल्यास पुढील पुष्कळ श्रम वाचतात. दिवसाला चार-पाच ऑर्डर असतील, तर काळजीपूर्वक ठेवलेली वही किंवा संगणकावरील साधा तक्ताही काही काळ पुरेसा होतो, हे सांगण्यात कमीपणा मानू नये.

कायद्याची बाजू

१ ऑक्टोबर २०२३ पासून, उलाढालीच्या मर्यादेत असलेल्या नोंदणी नसलेल्या विक्रेत्यालाही ऑनलाइन बाजारपेठेमार्फत राज्यांतर्गत माल विकता येतो. त्यासाठी जीएसटी पोर्टलवर नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. या मार्गाने परराज्यात माल पाठवावयाचा, तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी आवश्यक ठरते. नोंदणीकृत विक्रेत्याच्या रकमेतून बाजारपेठ चालविणारी कंपनी कर कापून सरकारजमा करते. त्याचा दर १० जुलै २०२४ पासून ०.५ टक्के आहे. ही रक्कम विक्रेत्याच्या कर खात्यात जमा होऊ शकते. पण त्यासाठी कंपनीचा हिशेब आणि आपली नोंद जुळवून पाहावी लागते. ही जुळवणी सुलभ करणारी प्रणाली खऱ्या अर्थाने उपयोगी होय.

बाहेर पडण्याची वाट

सर्वांत दुर्लक्षित मुद्दा येथे आहे. जीएसटी कायद्यानुसार नोंदणीकृत व्यापाऱ्याने हिशेबाच्या नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावयाच्या असतात. प्रणालीची वर्गणी मात्र वर्षावर्षाची असते. दोन वर्षांनी दर वाढला, कंपनी बंद पडली किंवा वर्गणी भरणे राहून गेले, तर आपली बिले, गिऱ्हाइकांची यादी आणि साठ्याच्या नोंदी कोणाच्या हाती राहतील? खातेवही दुकानाची, पण किल्ली दुसऱ्याच्या कमरेला, अशी अवस्था होता कामा नये. म्हणून सर्व नोंदी साध्या तक्त्याच्या स्वरूपात बाहेर काढता येतात काय, हे पैसे भरण्यापूर्वी प्रत्यक्ष करून पाहावे. दरमहा अशी एक प्रत काढून वेगळ्या ठिकाणी ठेवावी. खाते मालकाच्याच मोबाईल क्रमांकावर व ई-मेलवर उघडावे, प्रणाली बसवून देणाऱ्याच्या नव्हे. पार्सल बांधणाऱ्याला ऑर्डर दिसावी. खरेदीचा भाव दिसण्याचे कारण नाही.

एका महिन्याची कसोटी

बहुतेक प्रणाली काही दिवस विनामूल्य वापरावयास मिळतात. या मुदतीत काल्पनिक नोंदी न भरता मागील महिन्यातील खऱ्या ऑर्डर भराव्यात. त्यांत एक परतीचे पार्सल, एक रद्द झालेली ऑर्डर आणि एक उधारीचे बिल अवश्य असावे. शेवटी तीन गोष्टी पडताळाव्यात : प्रणालीतील साठा फळीवरील मालाशी जुळतो काय, जमा रक्कम बँकेच्या उताऱ्याशी जुळते काय, आणि सर्व नोंदी बाहेर काढता येतात काय. जी प्रणाली या तिन्ही कसोट्यांना उतरेल, तिच्यापैकी कमी वर्गणीची निवडावी.

वाणिज्य शाखेचे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली गावातील एखाद्या विक्रेत्यासाठी ही पडताळणी सहज करू शकतील. विद्यार्थ्यांना पुस्तकातील कीर्द-खतावणी प्रत्यक्षात दिसेल आणि विक्रेत्याला निर्णयापूर्वी खरे आकडे मिळतील. दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी नवी वही पूजतो, तेव्हा ती वही त्याच्या स्वतःच्या ताब्यात असते. वही संगणकात गेली म्हणून तिच्यावरील हा ताबा त्याने सोडू नये.