वंशावळीत न लिहिलेल्या मुली



साहित्याच्या व्यासपीठावरून आतड्याविषयी बोलणे जरा विपरीतच. पण वंशावळ हेही लेखनच आहे, आणि मला बोलायचे आहे ते त्या लेखनात गाळलेल्या मजकुराविषयी.

कागद जपायला मये गावाला कुणी शिकवावे लागत नाही. मुक्तीनंतर इथली जमीन कस्टोडियनकडे गेली; 2014 चा कायदा होईपर्यंत आणि नंतरही जुन्या पावत्या घरोघरी ट्रंकेत सांभाळल्या गेल्या. पणजोबा कुठला तुकडा कसत होते ते आपण सांगू शकतो. ते कशाने गेले, असे विचारले तर 'पोटाच्या दुखण्याने' एवढेच उत्तर येते.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे चाळिशीचे एक गृहस्थ आले. शौचावाटे रक्त जात होते. मी मूळव्याध समजून चार महिने औषध देत राहिलो. होमिओपॅथीत आम्ही घराण्याचा इतिहास खोदून विचारतो. मीही विचारला. "वडील धडधाकट, काकाही," ते म्हणाले. आईच्या माहेरचे मी विचारलेच नाही. अखेर कोलोनोस्कोपी झाली आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला. मग कळले, आई गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली होती आणि मामा पंचेचाळिशीत 'आंवेने'.

गर्भाशयाचा आणि आतड्याचा संबंध काय? 1895 साली मिशिगनमधील डॉ. अल्ड्रेड वॉर्थिन यांना त्यांच्याकडे शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितले की, आपल्या घरातली माणसे पोटाच्या नाहीतर बायकांच्या अवयवांच्या कर्करोगाने जातात, आपणही तशाच जाणार. ती तशीच गेली. तिच्या कुळाची हकीगत वॉर्थिन यांनी 1913 मध्ये छापली. 1966 मध्ये हेन्री लिंच यांनी अशीच आणखी कुटुंबे मांडली, आणि 1993 मध्ये एमएसएच-2 हे जनुक सापडले. पेशींतील डीएनएची नक्कल होताना पडणाऱ्या चुका अशी जनुके दुरुस्त करतात. मुद्रितशोधकच म्हणा ना! तोच बिघडला की चुका साचत जातात. या आजाराला आज लिंच सिंड्रोम म्हणतात.

घाबरू नका. आतड्याच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत असे तिघांच्या आसपासच. आमच्या जैन घरांत मला विचारतात, "आम्ही शाकाहारी, आम्हाला कसा होईल?" आहाराचा उपयोग आहेच, पण हे जनुक ताट बघून येत नाही. आईकडून येवो वा वडिलांकडून, प्रत्येक अपत्याला ते मिळण्याची शक्यता निम्मी. मुलगा-मुलगी हा भेद नाही.

आपल्या वंशावळीत मात्र मुली नसतातच. लग्नात आडनाव बदलते, आपल्याकडे नावही बदलते, आणि माहेरच्या कागदावरून ती पुसली जाते. मग मामाचे दुखणे भाच्याला कळणार कसे?

माझ्या गोळ्या यावर चालत नाहीत, हे मी स्पष्ट सांगतो. ज्यांच्यात हा दोष सापडतो, त्यांनी साधारण विशी-पंचविशीपासून वर्षा-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करून घ्यायची. पॉलिप दिसला तर कर्करोग होण्याआधीच काढता येतो.

त्या गृहस्थांच्या रक्तात हाच दोष निघाला. पेडण्याला दिलेल्या बहिणीला कळवायला ते तयार नव्हते. भाचीचे स्थळ मोडेल ही भीती. शेवटी त्यांच्या पत्नीनेच फोन केला. बहिणीतही तोच दोष निघाला. तिच्या आतड्यात दोन पॉलिप होते, ते तिथल्या तिथे काढले. भाचीची रक्ततपासणी अजून व्हायची आहे. लग्न मात्र ठरले. मुलाकडच्यांना तिने स्वतःच सगळे सांगितले होते.