मानाच्या रस्त्याने



रायपूरच्या तेलीबांधा तलावाला आता सगळे मरीन ड्राइव्ह म्हणतात. थंडीच्या दिवसांत पहाटे साडेपाचलाच तिथे कानटोप्या घातलेल्या माणसांच्या फेऱ्या सुरू होतात. कुणी चालतं, कुणी धावतं. आमचाही सात-आठ जणांचा घोळका आहे. निम्मे मराठी, बाकीचे छत्तीसगढी, बंगाली, सिंधी. असंच एकदा धावणं झाल्यावर चहा पिताना आमच्यातली एक मुलगी म्हणाली, "ताई, रोज स्वतःसाठी धावतो, एकदा कुणासाठी तरी धावू या ना. एक दौड भरवू. पैसे जमवू. परदेशातल्या अनाथ मुलांना पाठवू."

शेजारच्या बाकावर एक वयस्कर गृहस्थ बसले होते. त्यांच्या कानावर हे गेलं. ते म्हणाले, "क्यों दीदी, अपने यहाँ के लइका कम हैं क्या?" छत्तीसगढीत मुलाला लइका म्हणतात. विचारण्यात राग नव्हता. साधा, खरा प्रश्न होता, आणि तेव्हा माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. आज ते देण्याचा प्रयत्न करते.

उत्तर तिथून फार लांब नाही. तेलीबांध्याहून व्हीआयपी रोडने सरळ गेलं की विमानतळ येतो. विमानतळाला आता स्वामी विवेकानंदांचं नाव आहे, पण जुने रायपूरकर अजून 'माना'च म्हणतात. विमानतळाला लागून माना कॅम्प नावाची वस्ती आहे. विमान पकडायच्या घाईत आपण त्या नावातल्या 'कॅम्प' शब्दाकडे लक्ष देत नाही. १९६४ च्या सुरुवातीला पूर्व पाकिस्तानात दंगली उसळल्या. घरदार सोडून माणसं सीमा ओलांडून बंगालात आली आणि तिथून रेल्वेने त्यांना रायपूरला आणलं गेलं. दंडकारण्य प्रकल्पात जमीन मिळेपर्यंत त्यांनी राहायचं ते मानाच्या छावणीत. पुढे त्यांतली कितीतरी कुटुंबं कांकेरकडच्या पखांजूर भागात, ओडिशातल्या मलकानगिरीत वसली. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात भारतात जवळपास १ कोटी निर्वासित आले, तेव्हा मानाच्या छावण्या पुन्हा भरल्या.

त्या गर्दीत आईबाप गमावलेली मुलं होती. सरकारी दप्तरात निराधार विधवा, म्हातारी माणसं आणि अनाथ मुलं यांच्यासाठी एक वेगळा रकाना होता. त्याचं इंग्रजी नाव मराठीत आणलं तर होतं 'कायमचा बोजा'. दप्तराला रकाने लागतात, हे मला कळतं. तरीही सहा वर्षांच्या पोराच्या नावापुढे तो शब्द लिहिलेला डोळ्यांसमोर आला की माझा जीव कळवळतो. ते पोर परदेशातून आलेलं होतं. ते आपल्या शहराच्या वेशीवर राहिलं, आपल्या विहिरींचं पाणी प्यायलं. म्हणून मला वाटतं, परदेशातलं अनाथ मूल ही रायपूरला परकी गोष्ट नाही. आपल्या विमानतळाच्या भिंतीपलीकडे ते एकदा राहून गेलंय. कदाचित तेच आज साठी ओलांडून तिथे किराणा दुकान चालवत असेल.

आता महाराष्ट्रातली गोष्ट सांगते. कोल्हापूरच्या श्रोत्यांना ती माहीत असेल, इकडच्या आपल्या लोकांना फारशी नसते.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला सोव्हिएत रशियाने पूर्व पोलंड व्यापला. तिथली लाखो माणसं मालगाड्यांत भरून सैबेरियात आणि कझाकस्तानात पाठवली. भूक, थंडी आणि टायफस यांनी त्यांतली किती गेली याला सुमार नाही. १९४१ च्या जुलैमध्ये पोलिश आणि सोव्हिएत सरकारांत करार झाला, कैदेतली माणसं सुटली आणि जमेल त्या वाटेने दक्षिणेकडे निघाली. त्यांत पोरकी मुलं फार होती. मुलांची पहिली तुकडी १९४२ मध्ये अश्गाबातहून ट्रकमधून इराणच्या डोंगरांतून क्वेट्ट्यामार्गे मुंबईला पोचली. काही दिवस ती वांद्र्याला राहिली. मग नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडी इथे समुद्रकाठी त्यांच्यासाठी वसाहत उभारली. मुलं त्यांना बापू म्हणत.

त्यानंतर १९४३ मध्ये कोल्हापूरजवळ वळिवडे इथे त्याहून कितीतरी मोठी छावणी उभी राहिली. सुमारे ५,००० पोलिश माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं होती, बालवीर पथकं होती आणि ज्यांचं कुणीच उरलं नव्हतं त्यांच्यासाठी अनाथालय होतं. बालाचडी १९४६ मध्ये बंद झाल्यावर तिथली मुलंही वळिवड्याला आली. १९४८ पर्यंत ही वसाहत टिकली. ती रिकामी झाली आणि त्याच बराकींत फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं राहायला आली. कापडाच्या पेठेसाठी प्रसिद्ध असलेलं आजचं गांधीनगर ते हेच. एका देशाची उखडलेली माणसं उठली आणि त्याच जागी दुसरी येऊन बसली. या गोष्टीचा विचार करताना मी दरवेळी इथे थांबते.

सगळा खर्च आपण केला असं मात्र मी म्हणणार नाही. वळिवड्याचा भार लंडनमध्ये बसलेल्या पोलिश सरकारने उचलला होता. पण बालाचडीच्या मुलांसाठी इथे निधी उभा राहिला, त्यात संस्थानिकांनी आणि उद्योगपतींनी पैसे घातले. मुंबईतल्या पोलिश वाणिज्यदूतांच्या पत्नी किरा बनासिन्स्का त्यासाठी झटल्या. आणि काळ कोणता होता? देश पारतंत्र्यात होता. १९४२ चं आंदोलन पेटलं होतं. पाठोपाठ १९४३ मध्ये बंगालात लाखो माणसं उपासमारीने मेली. 'अपने यहाँ के लइका कम हैं क्या' हा प्रश्न तेव्हा आजच्यापेक्षा कितीतरी जास्त टोचणारा होता. तरीही कुणीतरी त्या पोरांच्या ताटात वाढलं. वळिवड्यात वाढलेली मुलं पुढे आयुष्यभर एकमेकांना धरून राहिली, म्हातारपणी कोल्हापूरला येऊन गेली. वॉर्सा शहरात आज जामसाहेबांच्या नावाचा चौक आहे आणि कोल्हापूरचं स्मारकही आहे.

बाकावरच्या त्या काकांना मी हे सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "ठीक है, पर पैसा पहुँचेगा कैसे?" हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड निघाला.

आमचा मूळ बेत सरळ होता. दौड भरवायची, प्रवेश शुल्क घ्यायचं, उरलेले पैसे बाहेर पाठवायचे. चौकशी केल्यावर कळलं की भारतातल्या धर्मादाय संस्थेने परदेशात खर्च केलेल्या पैशाला आयकरात सहसा सवलत मिळत नाही. त्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची वेगळी मंजुरी लागते. व्यक्तीला आपल्या खात्यातून बँकेमार्फत परदेशी देणगी पाठवता येते, त्याला रिझर्व्ह बँकेची वार्षिक मर्यादा आहे. पण चारशे माणसांचे जमवलेले पैसे कुणा एकाच्या खात्यातून पाठवणं हा मार्ग मला पटत नाही, मग हेतू कितीही शुद्ध असो. म्हणून आमच्यापुरतं असं ठरलं आहे की स्वतःची नवी संस्था काढायची नाही. भारतात रीतसर नोंदलेली आणि बाहेरच्या मुलांसाठी काम करायची परवानगी असलेली संस्था आधी शोधायची, तिच्याशी लेखी ठरवायचं आणि मगच दौडीची तारीख काढायची. तारीख आधी आणि संस्था मागाहून, असं करायचं नाही.

आणि कोणत्या मुलांसाठी? आमच्या मनात नेपाळ आहे. शेजारचा देश, आणि २०१५ च्या भूकंपाने तिथे सुमारे ९,००० माणसं गेली. त्या आपत्तीने आणखी एक गोष्ट शिकवली, ती मी इथे सांगितलीच पाहिजे. भूकंपानंतर नेपाळ सरकारला आईबापांशिवाय किंवा पालकांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर बंदी घालावी लागली, कारण मदतीच्या नावाखाली मुलं पळवली जाण्याची भीती होती. त्याच्याही आधीपासून तिथे दलाल खेड्यांतल्या गरीब आईबापांना चांगल्या शिक्षणाचं आमिष दाखवत आणि मुलांना शहरातल्या 'अनाथालयात' आणून ठेवत. परदेशी पाहुणे येत, फोटो काढत, देणग्या देत. मूल अनाथ नसे, त्याला अनाथ केलेलं असे. २०१९ च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव करून सगळ्या देशांना सांगितलं की मुलांना संस्थांमध्ये ठेवणं हळूहळू थांबवा आणि कुटुंबांना आधार द्या. म्हणून आमचा पैसा इमारतीला जाऊ नये, असा माझा हट्ट आहे. आजीकडे, मामाकडे, काकूकडे वाढणाऱ्या पोरक्या मुलाच्या शाळेला आणि जेवणाला तो जावा. आणि दौडीच्या एकाही फलकावर रडणाऱ्या मुलाचा फोटो लागणार नाही. ज्या मुलाला आपण विचारू शकत नाही, त्याचं दुःख चौकात टांगायचा आपल्याला हक्क नाही.

अशा दौडी जगाने पाहिल्या आहेत. १९८६ च्या मे महिन्यात सुदानचा धावपटू उमर खलिफा आपल्या देशातल्या मदत छावणीत पेटवलेली मशाल घेऊन निघाला. युरोपातल्या राजधान्यांमधून तो न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या दारात पोचला. त्याच दिवशी, २५ मे रोजी, जगभरच्या शहरांमध्ये जवळपास २ कोटी माणसं आफ्रिकेतल्या दुष्काळग्रस्तांसाठी धावली. आपल्याकडे मुंबई मॅरेथॉन २००४ पासून चालू आहे आणि तिथे कितीतरी संस्थांसाठी धावणारे आपल्या ओळखीपाळखीच्या माणसांकडून पैसे जमवतात. आम्हाला हीच रीत घ्यायची आहे. प्रवेश शुल्कातून फक्त खर्च भागवायचा: पाणी, रुग्णवाहिका, छातीवर लावायचे क्रमांक, पोहे. मुलांचे पैसे वेगळे. प्रत्येक धावणाऱ्याने दहा माणसं गाठायची आणि प्रत्येकाकडून किलोमीटरमागे दहा रुपये मागायचे. १० किलोमीटरचे झाले शंभर, दहा जणांचे हजार. चारशे धावणारे निघाले तर चार लाख. टी-शर्ट नाही, मंच नाही, सत्कार नाहीत. अशा कार्यक्रमांत जमा झालेल्या पैशांतला मोठा हिस्सा कपड्यांवर आणि मंडपावर गेलेला मी जवळून पाहिला आहे, आणि त्याची खंत अजून आहे. दौड संपल्यावर आठ दिवसांत जमाखर्च सहीनिशी तलावाच्या काठी लावायचा. रुपया न् रुपया.

एक अडचण हवामानाची. रायपूरचा उन्हाळा ४२-४३ अंशांवर जातो आणि होळीनंतर इथे लांब पल्ल्याची दौड भरवणं म्हणजे माणसांशी खेळणं. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचाच काळ धरायचा, आणि तोही पहाटे सहाचा. दर अडीच किलोमीटरवर पाणी, साखर-मिठाचं सरबत, संत्र्याच्या फोडी. शेवटच्या धावकाच्या मागे एक गाडी असलीच पाहिजे. पहिल्या आलेल्याची काळजी सगळेच घेतात. मला काळजी आहे ती पन्नाशीतल्या, वर्षानुवर्षं न धावलेल्या आणि जोशात नाव दिलेल्या माणसाची. त्याने आधी डॉक्टरांना भेटावं आणि ५ किलोमीटर चालावं. त्याच्याही दहा माणसांचे पैसे तितकेच मोलाचे.

मार्ग मात्र ठरला आहे. तेलीबांध्यापासून निघायचं, व्हीआयपी रोडने मानाच्या दिशेने जायचं आणि ५ किलोमीटरवरून वळून परत यायचं. ज्यांना २१ किलोमीटर धावायचं आहे त्यांनी माना कॅम्पला वळसा घालायचा. पोलिसांची आणि महापालिकेची परवानगी मिळेल तसा मार्ग थोडा इकडेतिकडे होईल, पण तोंड मानाकडेच असेल. कॅम्पातल्या काही बंगाली कुटुंबांशी आम्ही बोललो आहोत. वळणावरचं पाण्याचं टेबल आम्ही लावू, असं तिथल्या एका आजींनी स्वतःहून सांगितलं. किती साली आलात, असं मी विचारलं. त्यांनी साल सांगितलं नाही. हात गुडघ्याएवढ्या उंचीवर धरला आणि म्हणाल्या, "इतकी होते."

अंतर मोबाइलवर मोजायचं नाही, कारण त्यात चूक राहते. जाणकार लोक सायकलने मोजतात. आधी सरळ रस्त्यावर स्टीलच्या टेपने ३०० मीटर आखून घ्यायचे, त्यावर सायकल चार वेळा चालवून चाकाचे फेरे मोजायचे आणि मग सगळा मार्ग वळणांच्या आतल्या कडेने त्याच सायकलवर काढायचा. शिवाय किलोमीटरमागे एक मीटर जास्त धरायचा, म्हणजे धावणाऱ्याचं अंतर कमी भरत नाही. येत्या रविवारी पहाटे पाचला आम्ही हे काम सुरू करतोय. सायकल मिळाली आहे. ५० मीटरची टेपही मिळाली आहे. टेपचं एक टोक धरायला त्या बाकावरचे काका येणार आहेत. दुसरं टोक धरायला अजून एक माणूस हवा आहे.