कष्टकऱ्यांची वंशावळ



आजचा विषय वाचून काहींना नवल वाटले असेल. वंशावळ हा राजेरजवाड्यांचा, फार तर वतनदारांचा विषय. तंजावरच्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरवून घेतला. ज्यांना दगड परवडला नाही, त्यांनी पुढे कुलवृत्तान्त छापले. आम्ही ज्या विडी कामगारांत उभा जन्म काढला त्यांच्या घरी सनद नाही आणि पोथीही नाही. म्हणून काय त्यांना पणजोबा नव्हते? होते, आणि ते कागदावरही आहेत. फक्त तो कागद दुसऱ्याने, दुसऱ्याच कामासाठी लिहिलेला आहे.

या उद्योगात आम्ही हौसेने पडलो नाही. संघटनेतील एका ढीवर बाईंची नात परिचारिकेच्या शिक्षणाला निघाली. जातीचा दाखला हवा. भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ ही तारीख धरतात. तिच्या आधीचा पुरावा आणा म्हणतात. घरात काय होते? रेशनकार्ड आणि आजीचे विडी कामगाराचे ओळखपत्र. ते तर १९७६ च्या कल्याण निधीच्या कायद्यानंतरचे. आजोबा शाळेची पायरी चढले नव्हते, तेव्हा शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर मुके. मुलीने विचारले, "काका, मग आम्ही कुठून आलो म्हणायचे?"

पहिल्याने आम्ही बंदोबस्ताची मिसल पाहिली. तीत मालगुजार आधी, मग दर्जाप्रमाणे कुळे, शेत, सारा, सगळे नेटके. पण सारा ज्याच्याकडून यायचा त्याचेच नाव सरकारला हवे होते. सालदार, मजूर, तलावावर जाळे टाकणारा ढीवर यांच्याकडून सरकारला काय मिळणार? मालगुजारी १९५१ साली गेली. जुने कागद मात्र तिच्याच डोळ्यांनी गाव पाहतात.

मग हाती आले कोतवाल बुक. तुमच्यातील वयस्कर मंडळींना ते ठाऊक असेल. जुन्या मध्यप्रांतात गावातला प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू कोतवालाने नोंदवून घ्यायचा आणि वही पोलीस ठाण्यात न्यायची, असा दंडक होता. तारीख, बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी, मेला असेल तर कशाने. येथे शेत असण्याची अट नाही. जन्मले आणि मेले एवढे पुरे. कोतवाल बहुधा महार समाजातला आणि बहुधा निरक्षर. गावातला कोणी लिहिणारा गाठून तो नोंद करून घेई. साऱ्या गावाच्या वंशावळी काखेत घेऊन उन्हातून ठाण्यावर जाणाऱ्या या माणसाला त्यातले एक अक्षर वाचता येत नसे. आमच्या मते या जिल्ह्याचे खरे इतिहास-संशोधक तेच, पण त्यांना मानपत्र कोण देणार?

ही वही वाचणे सोपे नाही. जन्माची नोंद बारशाआधीच होई, म्हणून मुलाचे नाव पुष्कळदा नसतेच; 'अमक्यास मुलगा झाला' एवढेच. मुलीच्या आजोबांचे नाव आपण मंगरू धरू. मंगरू म्हणजे मंगळवारचा. ज्या नोंदीवर आमचा संशय होता तिची तारीख पंचांगात पाहिली, तर वार मंगळवारच निघाला. कचेरीत हा पुरावा कोणी मानणार नाही, आणि मानूही नये. मंगळवारी पुष्कळ पोरे जन्मतात. परंतु कोठे खणायचे ते कळले. पुढे मंगरूंच्या पहिल्या मुलाच्या जन्माची नोंद सापडली. तीत मंगरूंच्या नावापुढे 'वल्द' म्हणून त्यांच्या बापाचे नाव होते, आणि त्याच गावी त्या बापाच्या मृत्यूची नोंदही होती. तीन पिढ्या जोडल्या गेल्या. मात्र एका नोंदीत जात 'ढिमर', दुसरीत 'भोई', घरचे स्वतःला म्हणवतात ढीवर! लिहिणाऱ्याच्या कानाला जे लागले ते त्याने लिहिले. ही तिन्ही माणसे एकाच घरची हे समजावण्यात आमच्या चपला झिजल्या, तेव्हा दाखला हाती पडला.

साता समुद्रापलीकडेही हेच घडले आहे. गुलामगिरी बंद झाल्यावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले. ही ने-आण १८३४ साली सुरू झाली आणि साडेचार लाखांच्या आसपास माणसे गेली. त्यांत मुंबई बंदरातून चढलेले कोकणातले मराठी लोकही होते. मळेवाल्यांना माणूस पळून जाण्याची धास्ती, म्हणून प्रत्येकाला नंबर दिला. बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, गाव, जहाज, सारे वहीत टिपले. पुढे छायाचित्रेही काढली. त्या वह्या आज तेथील मोका गावी महात्मा गांधी संस्थेत जपल्या आहेत. मराठी घरची पणतवंडे तो नंबर घेऊन तेथे जातात आणि कारकुनाने कानावरून लिहिलेल्या गावाच्या नावाचा कोकणात शोध घेतात. पळून जाऊ नये म्हणून बांधलेल्या दोरीला धरून लोक घरी परतत आहेत.

आमच्या मुलीचे शिक्षण सुरू झाले. परंतु तिच्या आजीने आम्हाला एकदा विचारले, "माझ्या मायचे नाव निघाले का कुठे?" आम्ही पाहिले. आजीच्या माहेरगावच्या नोंदीत तिच्या बापाचे नाव आहे, जात आहे, तारीख आहे, आणि पुढे 'मुलगी' एवढा शब्द आहे. आईसाठी त्या वहीत रकानाच नव्हता. आम्ही ते नाव आजीकडूनच विचारून घेतले आणि मुलीच्या वंशावळीच्या तक्त्यावर शाईने लिहिले.