लष्कराच्या वेशीवरील मिशनरी

मॉर्मन मिशनऱ्याचा आठवडा कसा जातो, हा विषय पुण्याच्या श्रोत्यांस जरा दूरचा वाटेल. पांढरा सदरा, गळ्यात टाय, छातीवर काळी नामपट्टी आणि शेजारी अगदी तशाच पोषाखातला दुसरा तरुण, अशी जोडी आपल्यापैकी काहींनी परदेशच्या रस्त्यांवर पाहिली असेल. ह्या तरुणांच्या आठवड्याची शिस्त मोठी कडक असते. सकाळी साडेसहाला उठणे, मग प्रार्थना, ग्रंथपठण, परक्या भाषेचा अभ्यास, त्यानंतर दिवसभर भेटीगाठी, आणि रात्री साडेदहाला दिवा मालवणे. सोबत्याला सोडून एकट्याने कोठे जावयाचे नाही. कपडे धुणे, बाजारहाट व घरी पत्र लिहिणे यांसाठी आठवड्यातला एक दिवस राखलेला असतो. 2019 पर्यंत आईबापांशी दूरध्वनीवर बोलण्याची मुभा वर्षातून दोनदाच असे. त्या वर्षापासून ती दर आठवड्यास मिळाली. तरुण दोन वर्षे व तरुणी दीड वर्ष अशा रीतीने राहतात, आणि ह्या कामाचे वेतन कोणासही मिळत नाही.

परंतु ह्या पंथाचा एक मिशनरी आपल्या ह्याच परिसरात येऊन गेला तेव्हा त्याला असे वेळापत्रक नव्हते आणि सोबतीही नव्हता. त्याचे नाव ह्यू फिंडले. हा स्कॉटलंडचा, वयाने तिशीच्या उंबरठ्यावरचा. 1851 च्या सप्टेंबरात तो मुंबईस उतरला आणि पुढच्या वर्षी पुण्यास आला. त्याच्या पंथाची स्थापना अमेरिकेत 1830 साली झालेली. संस्थापक जोसेफ स्मिथ याचा 1844 मध्ये जमावाने खून केलेला. आणि त्याचे अनुयायी 1847 साली ओसाड मुलूख तुडवीत युटामधील खाऱ्या सरोवराच्या काठी जाऊन वसलेले. म्हणजे फिंडले पुण्यात आला तेव्हा त्या नव्या वसाहतीस अवघी पाच वर्षे झाली होती. घर नीट शाकारून व्हावयाच्या आतच ह्या लोकांनी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास माणसे धाडली, हे त्यांचे धाडस कबूल केलेच पाहिजे.

त्या काळी मुंबईहून पुण्यास येणे सोपे नव्हते. आगगाडी पुण्यास पोचली ती 1858 मध्ये. तोपर्यंत होडीने पनवेल गाठावे, तेथून बोरघाट चढावा आणि देशावरच्या रस्त्याला लागावे. त्या रस्त्याने येणाऱ्यास दापोडीचा गव्हर्नरसाहेबांचा बंगला व बाग मागे टाकून नदी ओलांडली की खडकी लागे. 1817 च्या नोव्हेंबरात जेथे पेशव्यांचे भवितव्य ठरले, त्या रणभूमीच्या शेजारीच इंग्रजांनी ही छावणी वसविली. घोडदळाचे तबेले, तोफखाना, गोऱ्या शिपायांच्या बराकी आणि 1841 मध्ये बांधलेले ऑल सेंट्स चर्च असे त्या गावाचे रूप होते. मुठेपलीकडे पुण्याचे लष्कर हे दुसरे, त्याहून मोठे ठाणे. इंग्रजी बोलणारा श्रोता हवा असेल तर ह्या दोन छावण्यांखेरीज दुसरीकडे जाण्याची सोय नव्हती.

अडचण होती ती छावणीच्या हद्दीची. ह्या हद्दीत कोणी राहावे, कोणी सभा भरवावी, कोणी काय विकावे, हे सारे लष्करी अधिकाऱ्यांच्या हुकुमावर. अशा ठिकाणी मिशनऱ्याचा आठवडा कसा जात असेल याचा थोडा विचार करू. आपल्याला वाटते रविवार हा त्याचा खरा कामाचा दिवस. पण रविवारी सकाळी गोरा शिपाई मोकळा नसे. त्याला कवायतीप्रमाणे रांगेने चर्चला जावे लागे, आणि त्याचा पंथ कोणता हे पलटणीच्या दप्तरात लिहिलेले असे. त्या दप्तरात मॉर्मनांस रकाना नव्हता. इतर दिवशी पहाटे परेड, दुपारी उन्हामुळे बराकीतच बसणे. उरे ती संध्याकाळ, रात्रीचा बिगूल होईपर्यंतची. त्या दोन-तीन तासांवर मिशनऱ्याचा अधिकार काय? तेथे त्याचा प्रतिस्पर्धी पाद्री नव्हता, दारूचे कँटीन होते. मॉर्मन पंथ मद्य व तंबाखू सोडण्याचा उपदेश करतो. तेव्हा वरिष्ठांना हा मनुष्य खरे तर आवडावयास हवा होता. तसे झाले नाही. शिपाई शुद्धीवर राहिला तर बरेच, पण सेनापतीहून निराळ्या कोणाची आज्ञा तो मानू लागेल हे त्यांना नको होते. फिंडलेस लष्कराच्या हद्दीत उपदेश करण्याची मनाई झाली.

तो हद्दीबाहेर राहिला व काम करीतच राहिला. 1852 च्या अखेरीपूर्वी पुण्यात त्याने एक लहानशी शाखा स्थापिली. तीत गोरे होते, युरेशियन होते व एतद्देशीयही होते. सभासद फार नव्हते. पण पलटणीतील गोरा आणि ह्या मुलखातला मनुष्य एका बाकावर बसून एकच प्रार्थना म्हणतात, हे दृश्य त्या काळच्या छावणीस किती खटकले असेल!

त्याच्या पंथाचे मिशनरी तेव्हा पैशाची पिशवी व झोळी बरोबर न घेता फिरत. शुभवर्तमानात शिष्यांस तशीच आज्ञा आहे. पुणेकरांना ह्यात नवल वाटण्याचे कारण नव्हते. माधुकरी मागून शास्त्र शिकणारे विद्यार्थी पेठापेठांतून रोज दिसत, वारकरी दिसत, गोसावी दिसत. मात्र माधुकरीस जाणाऱ्याला घर ओळखीचे असते आणि त्याची जात त्या घराच्या स्वयंपाकघरास चालते. साहेबाला कोण वाढणार? आणि दुसरीकडे, गोऱ्या मनुष्याने परक्या मुलखात हात पसरावा हे इतर गोऱ्यांस लाजिरवाणे वाटे. म्हणजे त्याचे व्रत ज्यांना कळे त्यांच्या घरी त्याला ताट नव्हते, आणि ज्यांच्या घरी ताट होते त्यांना त्याचे व्रत कळत नव्हते. त्याच्या आठवड्याची खरी ओढाताण मला येथे दिसते.

पुण्यातील सुशिक्षितांस ख्रिस्ती मिशनरी नवा नव्हता. स्कॉटिश मिशनची शाळा येथे होतीच. जोतीराव फुले तीत शिकले. त्यांनी 1848 साली मुलींची शाळा काढली, आणि 1852 च्या नोव्हेंबरात, म्हणजे फिंडले येथे असतानाच, विश्रामबागवाड्यात सरकारने त्यांचा सत्कार केला. अहमदनगरच्या अमेरिकन मिशनचे ‘ज्ञानोदय’ 1842 पासून निघत होते. ह्या मिशनांशी लोक भांडत, पण त्यांच्या शाळेत मुले पाठवीत. फिंडलेजवळ शाळा नव्हती, छापखाना नव्हता, दवाखाना नव्हता. त्याच्याजवळ एक हाक होती: तुम्ही पाण्यात बुडून बाप्तिस्मा घ्या, आणि मग सिद्धांच्या मेळाव्यात सामील होण्यासाठी युटास चला.

ह्या दुसऱ्या अर्ध्या भागाने सगळा घोटाळा केला. विलायतेतल्या गिरणीकामगारास ही हाक आकर्षक वाटे; अमेरिकेत जमीन मिळे. पण खडकीच्या स्वाराने काय करावे? 1847 च्या कायद्याप्रमाणे राणीच्या घोडदळात नाव घातले की बारा वर्षे बांधिलकी. पैसे भरून नाव काढून घेणे साध्या शिपायाच्या आटोक्याबाहेरचे. आणि एतद्देशीयाची अवस्था त्याहून बिकट. बाप्तिस्मा घेताच त्याची भावकी तुटली, पाणवठा तुटला, आणि ज्या नव्या भावकीत जावयाचे ती समुद्र, डोंगर व वाळवंट ह्यांच्या पलीकडे. तेथवर जाण्याचे भाडे त्याला कोण देणार? मिशनरी स्वतःच रित्या हाताने आलेला. हाक मारणारा प्रामाणिक होता ह्याबद्दल मला शंका नाही. पण जेथे पोचता येत नाही तेथे बोलावणे, ह्यात ऐकणाऱ्याची फार मोठी हानी होऊ शकते, आणि ती हानी सोसण्याची पाळी बोलावणाऱ्यावर येत नाही.

त्यात आणखी एक भर पडली. 1852 च्या ऑगस्टात युटामध्ये बहुपत्नीत्वाचे तत्त्व उघडपणे जाहीर झाले, आणि ती बातमी यथाकाळ हिंदुस्थानात पोचली. गोऱ्या कुटुंबांची दारे आता धाडकन मिटू लागली. (ज्या शहरात सरदारांच्या वाड्यांत सवती नांदत होत्या तेथील लोकांस ह्या बातमीने कितपत धक्का बसला असेल, हा भाग वेगळा.) पुढे 1890 साली त्या पंथाने ही चाल सोडून दिल्याचे जाहीर केले; पण तोवर येथील खेळ केव्हाच आटोपला होता.

1853 साली युटाहून निघालेली मिशनऱ्यांची तुकडी कलकत्त्यास उतरली. तीतले काही हिंदुस्थानच्या इतर भागांत पांगले. फिंडलेचा भाऊ अॅलन हाही त्याच्या मदतीस आला होता. 1855 मध्ये मुंबईस मराठ्यांना उद्देशून खऱ्या देवाविषयी त्यांची एक पुस्तिका प्रसिद्ध झाली. हेच ते वर्ष, ज्यात ह्यू फिंडलेने हिंदुस्थान सोडले. खडकीस 1846 पासून असलेली दहावी हुसार पलटणही ह्याच सुमारास क्रिमियाच्या युद्धावर रवाना झाली. 1856 च्या मे महिन्यात शेवटचा मॉर्मन मिशनरी कलकत्त्याहून जहाजावर चढला. पुण्याची शाखा टिकली नाही.

त्या पंथाने पुढे सर्वांनी युटास येण्याचा आग्रह सोडला व ज्याने त्याने आपापल्या देशातच राहून धर्म पाळावा असे ठरविले. हिंदुस्थानात तो पुन्हा रुजला तो बराच नंतर, आणि वेगळ्या वाटेने. 1978 साली एडविन व एल्सी धर्मराजू हे सामोआ बेटात राहणारे भारतीय दांपत्य मिशनरी म्हणून हैदराबादेस आपल्याच नातलगांकडे आले. त्या खेपेस त्या कुटुंबातील बावीस जणांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांपैकी कोणालाही घर सोडावे लागले नाही.