दुर्बिणीनंतरचे सहा आठवडे

(रुग्णालयाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात प्रशासकांनी केलेले भाषण)



या प्रसंगी प्रशासकाने जमाखर्चाचा गोषवारा सादर करावा, अशी आपली प्रथा आहे. ताळेबंद अहवालाच्या उत्तरार्धात छापलेला असल्याने तो वाचून दाखवण्यात मी आपला वेळ घेणार नाही. अध्यक्षांच्या अनुमतीने आज एकाच व्याधीविषयी बोलणार आहे. ती म्हणजे जुनाट सायनसचे दुखणे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. त्यामुळे वैद्यकीय स्वरूपाचे जे काही सांगेन ते आमच्या कान-नाक-घसा विभागातील डॉक्टरांनी तपासून दिलेले आहे. काही भाग मात्र मी स्वतः याच रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, रुग्णाच्या खाटेवर पडून शिकलो.

'मला सायनस आहे' असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः सायनस प्रत्येकालाच असतात. गालांच्या हाडांत, कपाळात, दोन डोळ्यांच्या मधोमध आणि नाकाच्या पाठीमागे कवटीच्या तळाशी हवेने भरलेल्या पोकळ्या असतात. त्यांनाच सायनस म्हणतात. त्यांच्या आतल्या अस्तरावर केसाहूनही सूक्ष्म असे तंतू अहोरात्र हलत असतात आणि तयार होणारा पातळ स्राव एका ठरावीक वाटेने नाकात आणून सोडतात. गालातील सायनसचे तोंड तळाशी नसून वरच्या बाजूस असते. म्हणजे तेथील स्राव हे तंतू चढावर वाहून नेतात! सर्दी, ॲलर्जी, वाकडा पडदा किंवा वाढलेले मांसांकुर यांमुळे ती अरुंद वाट सुजून बंद झाली की स्राव आत साचतो आणि मग चेहऱ्यावरचे जडत्व, नाक चोंदणे, घशात उतरणारा कफ व वास न येणे हा क्रम सुरू होतो. बारा आठवड्यांहून अधिक काळ तो टिकला, तर डॉक्टर त्यास जुनाट म्हणतात.

येथे एक गोष्ट रुग्णांच्या नातेवाइकांनी ध्यानात घ्यावी. कपाळ दुखते म्हणजे सायनसच, असे नव्हे. सायनस समजून आलेल्या कित्येक रुग्णांचे दुखणे प्रत्यक्षात अर्धशिशीचे असते. एकाच बाजूचा गाल दुखत असेल, तर मूळ वरच्या दाढेतही सापडते. म्हणून दुर्बिणीने तपासणी आणि आवश्यक तेथे सी.टी. स्कॅन केल्याखेरीज आमचे डॉक्टर शस्त्रक्रियेचा शब्द काढत नाहीत. 'ऑपरेशन नको' असे ऐकून काही मंडळी नाराज होऊन परततात, हे मी नोंदणी कक्षातून अनेकदा पाहिले आहे. माझ्या मते तो नकार हीदेखील या रुग्णालयाची सेवाच आहे. याउलट मधुमेही व्यक्तीच्या चेहऱ्याची एक बाजू दुखू लागली, सुजली वा बधिर झाली, तर एक दिवसही वाट पाहू नये. २०२१ साली काळ्या बुरशीने महाराष्ट्रात जे घडवले, ते विसरण्यासारखे नाही.

पुष्कळ रुग्णांना मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि डॉक्टरांनी दिलेला फवारा नियमाने वापरणे, एवढ्यानेच आराम पडतो. नेतीचे पात्र आपल्याकडे नवे नाही; पाणी मात्र उकळून गार केलेलेच हवे, नळाचे चालणार नाही. फवारा मारताना डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात वापरावा आणि टोक मधल्या पडद्याकडे न धरता डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे रोखावे. चोंदलेले नाक क्षणात मोकळे करणारे थेंब दुकानात सहज मिळतात. पण ते आठवड्याहून अधिक काळ घातल्यास त्यांच्यामुळेच नाक चोंदू लागते.

औषधांनी भागले नाही तरच शस्त्रक्रियेचा विचार होतो. तिचा इतिहास थोडा सांगतो, कारण माझा आजचा मुद्दा त्यातच दडलेला आहे. १८९३ मध्ये अमेरिकेत कॉल्डवेल यांनी आणि १८९७ मध्ये फ्रान्समध्ये ल्युक यांनी वर्णन केलेली पद्धत पुढे अनेक दशके प्रचलित होती. ओठ वर उचलून हिरडीच्या वर छेद घ्यायचा, गालातील सायनस उघडून आतले अस्तर खरवडून काढायचे आणि नाकात तळाशी नवी खिडकी पाडायची, असे तिचे स्वरूप होते. तर्क बिनचूक वाटतो: पाणी खालीच वाहणार! परंतु पुन्हा वाढलेल्या अस्तरातील ते सूक्ष्म तंतू नव्या खिडकीला ओलांडून स्राव जुन्या, वरच्या तोंडाकडेच नेत राहिले.

पुढे हॅरॉल्ड हॉपकिन्स या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने काचेच्या दंडिकांची बारीक, स्वच्छ दिसणारी दुर्बीण घडवली. तिच्या साहाय्याने ऑस्ट्रियातील ग्राट्झ येथे मेसेरक्लिंगर यांनी या स्रावाच्या वाटा चिकाटीने अभ्यासल्या. १९८५ मध्ये अमेरिकेतील डेव्हिड केनेडी यांनी या विचारावर उभ्या राहिलेल्या शस्त्रक्रियेला आज रूढ असलेले 'फंक्शनल' हे विशेषण जोडले. विचार साधा आहे: निसर्गाने दिलेली वाट मोकळी करावी, अस्तर शक्य तितके राखावे आणि बरे होण्याचे काम त्या अस्तरावरच सोपवावे.

याचा अर्थ असा की शस्त्रक्रियागृहात रोग बरा होत नाही, तेथे केवळ दार उघडते. बरे होणे त्यानंतर घडते आणि त्यास साधारण सहा ते बारा आठवडे लागतात.

त्या दिवसांविषयी माझ्या अनुभवातून सांगतो. शस्त्रक्रियेनंतरची पहिली रात्र वेदनेपेक्षा कोरड्या घशाची असते. नाक भरलेले असल्याने तोंडाने श्वास घ्यावा लागतो आणि उशाशी पाण्याचा पेला असणे हीच मोठी चैन वाटते. दोन उश्या घेऊन डोके उंच ठेवावे. काही दिवस रक्तमिश्रित स्राव येतो. त्याने घाबरू नये. पहिले दोन आठवडे नाक शिंकरू नये, शिंक आलीच तर तोंड उघडे ठेवून द्यावी, ओणवे होऊन जड वस्तू उचलू नयेत. पहिल्या आठवड्यात 'पूर्वीच बरा होतो' असे वाटण्याइतके नाक चोंदते. माझ्या पत्नीने तसे बोलूनही दाखवले. तिसऱ्या आठवड्यात एके सकाळी कार्यालयाकडे येताना व्हरांड्यात मला फिनाईलचा वास आला. ज्याच्या देयकावर मी दरमहा स्वाक्षरी करतो, ते फिनाईल मी कित्येक वर्षांनी प्रथमच ओळखले! अर्थात वास प्रत्येकाचा परततोच असे नाही, आणि दमा असलेल्या रुग्णांत मांसांकुर पुन्हा वाढण्याचा संभव अधिक असतो. हे आधीच सांगितलेले बरे.

डोळ्याभोवती सूज, अंधुक वा दुहेरी दिसणे, न थांबणारा रक्तस्राव, असह्य डोकेदुखीसह ताप, किंवा मान खाली घातल्यावर नाकातून पाण्यासारखा स्वच्छ द्रव ठिबकणे, यांपैकी काहीही झाले तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता रात्री-अपरात्री रुग्णालय गाठावे.

या सहा आठवड्यांत डॉक्टर रुग्णाला साधारणतः तीन वेळा बोलावतात. दुर्बिणीने आत पाहून साचलेल्या खपल्या काढतात. त्या तशाच राहिल्या, तर समोरासमोरचे कच्चे पृष्ठभाग एकमेकांना चिकटतात आणि उघडलेले दार पुन्हा लागते. घरी रोज नाक धुवावे लागते. पेलाभर, म्हणजे सुमारे २५० मिलिलिटर, उकळून गार केलेल्या पाण्यात अर्धा लहान चमचा मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा, एवढेच त्याचे साहित्य.

इतके सोपे असताना रुग्ण का येत नाहीत, हा प्रश्न मी आमच्या परिचारिकांना विचारला. पहिल्या तपासणीला बहुतेक येतात. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी गळती लागते. कारणे कोणत्याही वैद्यकीय ग्रंथात सापडणार नाहीत. रुग्णाचा एक दिवसाचा रोजगार बुडतो आणि सोबत येणाऱ्याचाही. महिलांना २०२३ पासून एस.टी.चे अर्धे तिकीट आहे. पण वीटभट्टीवर वा पिठाच्या गिरणीत काम करणाऱ्या पुरुषाला पूर्ण भाडे मोजावे लागते. फवाऱ्याची पहिली बाटली संपते, दुसरी घेणे पुढच्या बाजारावर ढकलले जाते. आणि नाक जरा मोकळे झाले की गरज तरी काय, असेही वाटते.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक नुसार आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयात दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. ही तरतूद मोठी आहे. परंतु एस.टी.चे भाडे आणि बुडालेला रोजगार आमच्या देयकात येतच नाहीत. आणि देयकात जे येत नाही, ते निधीतून वजा करता येत नाही.

लेखाशास्त्रात भांडवली खर्च आणि महसुली खर्च असा भेद करतात. दुर्बीण, संगणकीय पडदा, खाट हे भांडवली. त्यांवर देणगीदाराचे नाव कोरता येते आणि ते उचितही आहे. त्या देणग्यांविना हा विभाग उभाच राहिला नसता. नाक धुण्याची प्लॅस्टिकची बाटली, मिठाची पुडी आणि परतीचे तिकीट यांवर कोणाचेही नाव कोरता येत नाही. तथापि माझे हिशेबी मन मला सांगते की तिकिटावाचून रुग्ण आला नाही, तर त्याच्या शस्त्रक्रियेवर झालेला सारा खर्चच धोक्यात येतो. प्रसंगी ती पुन्हा करावी लागते.

म्हणून अनुवर्ती उपचारांसाठी स्वतंत्र खाते उघडण्याचा प्रस्ताव मी विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे. रुग्णाला घरी सोडताना बाटली व सहा आठवडे पुरेल इतके साहित्य द्यावे, आणि प्रत्येक तपासणीनंतर त्याचे व एका सोबत्याचे भाडे रोखपालाच्या खिडकीतूनच चुकते करावे, अशी योजना आहे. देणगी कितीही लहान असली तरी तिची रीतसर पावती मिळेल. नावाचा फलक मात्र मिळणार नाही, हे मी येथेच स्पष्ट करतो.

प्रस्ताव संमत झाल्यास, किती रुग्णांवर शस्त्रक्रिया झाली आणि त्यांपैकी किती जण तिसऱ्या तपासणीपर्यंत पोहोचले, हे दोन आकडे पुढील वार्षिक अहवालात ताळेबंदाशेजारी छापण्यात येतील. ते समाधानकारक नसले तरीही छापण्यात येतील.